खडी धुतली, पण दोष टाकीत निघाला

आमच्या वस्तीतल्या ४० घरांचं सांडपाणी आधी सेप्टिक टाकीत आणि तिथून खडीत बोरू (वेळूसारखं पाणथळ गवत) लावून पाणी गाळणाऱ्या दोन वाफ्यांत जातं. पाणी खडीच्या खालून वाहायला हवं, पण ऐन उन्हाळ्यात ते वर साचू लागलं. दुर्गंधी आणि डास. मी वाफ्याच्या तोंडाकडची खडी उपसली, धुतली, परत भरली. दोन महिन्यांत पुन्हा तेच!

मग टाकीचं झाकण उघडलं. (आत उतरायचं नाही, वाकायचंही नाही. तिथला वायू क्षणात जीव घेतो.) लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडलं. १५० सेंटिमीटर खोलीत ७० सेंटिमीटर गाळ! गाळ आणि वर तरंगणारी साय मिळून टाकीच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसा करायचा असतो. त्यात बाहेर जाणाऱ्या पाइपचा 'टी' (साय अडवणारा T आकाराचा जोड) निखळून पडलेला, म्हणजे तेलकट साय थेट वाफ्यात जात होती.

टँकरनं गाळ उपसला. नवा टी असा बसवला की त्याचं खालचं तोंड सायीच्या बरंच खाली राहील. मग एकेक वाफा दोन-दोन आठवडे कोरडा ठेवला. हवा लागली की खडीतला बुळबुळीत थर सुकतो, जिवाणू तो खाऊन टाकतात. हे मला आधी कळायला हवं होतं, खडी धुण्याचे कष्ट वाचले असते.

आता पाणी खडीखाली ५ ते १० सेंटिमीटरवर आहे. काठी दर सहा महिन्यांनी सोडतो.