पोराला वेल्डिंग मशीन घेऊन द्यायची की कमवू द्यायची?

दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी विकली जाते, घरात रोख येते आणि आयटीआयचा एका वर्षाचा वेल्डर ट्रेड करून आलेलं पोरगं म्हणतं, "बाबा, मशीन घेऊन द्या, गावातच काम करतो." मागणी रास्त आहे. वखर, डवरे, बंडी, ट्रॉली, फाटक यांची दुरुस्ती प्रत्येक गावात निघते. पण हौसेनं एका फटक्यात आणलेल्या मशीन कोठ्यात गंजत पडतात, आणि "स्वतः कमव, मग घे" म्हणणाऱ्या घरातलं पोरगं भंगारातली उघड्या केबलची जुनी मशीन आणून ओल्या जमिनीवर उभं राहतं. दोन्ही चूकच.

म्हणून खर्चाचे तीन वाटे करा. जीव सांभाळणारं सामान आईवडिलांनी पहिल्याच दिवशी द्यावं. मशीनची अर्धी किंमत पोरानं कमवावी. वेल्डिंगचे रॉड आणि लोखंड कापायच्या चकत्या, म्हणजे कटिंग व्हील, पूर्णपणे त्यानंच आणावेत.

पहिल्या वाट्यात घासाघीस नको. ११ नंबरची काळी काच असलेलं हेल्मेट, कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे, ग्राइंडरसाठी बंद चष्मा, चामडी बूट आणि जाड सुती कपडे. नायलॉनचा शर्ट ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतो. उन्हाचा गॉगल वेल्डिंगला चालत नाही. उघड्या डोळ्यांनी टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारताना काहीच जाणवत नाही, त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी थांबत नाही. तेव्हा घरगुती काही न घालता डॉक्टरकडे न्या. हे सामान "कमवून घे" म्हणणं म्हणजे पोराचे डोळे गहाण ठेवणं आहे.

आता कमाई. १८ वर्षं पूर्ण झाली असतील तर दिवाळीपासून तीन-चार महिने तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये रोजानं जाऊ द्या. एक वही करा: डाव्या बाजूला मिळालेली रोजी, उजव्या बाजूला मशीनसाठी बाजूला काढलेली रक्कम. २०० ॲम्पियरची सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन साधारण ६ ते १० हजारांत येते. ८ हजारांची धरली तर त्याचे ४ हजार. हे पैसे घरखर्चात वळवू नका, एकदा जरी वळवले तरी वहीवरचा त्याचा विश्वास जातो.

पैसे जमले तरी तुमचा अर्धा वाटा लगेच देऊ नका. आधी हात तपासा. ५ मिमी जाडीच्या पट्टीचे दोन तुकडे टी आकारात ठेवून एकाच बाजूनं वेल्ड करायला लावा आणि जोड हातोड्यानं वेल्डच्या बाजूला दुमडा. तो खटकन तुटला आणि मुळाशी न वितळलेली सरळ रेघ दिसली, तर करंट कमी होता किंवा रॉड घाईनं ओढला होता. मग २.५ मिमीचा ६०१३ नंबरचा रॉड, ७० ते ८० ॲम्पियर आणि ३ मिमी जाडीचा अँगल: भोक पडता कामा नये. शेवटी ३ बाय ४ फुटांची चौकट. तिचे दोन्ही कर्ण ५ फूट यायला हवेत, ३ मिमीपेक्षा जास्त फरक चालणार नाही. एक कोपरा आधीच पूर्ण वेल्ड केला की चौकट तिकडे ओढली जाते; चारही कोपऱ्यांना टाके मारून, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून, मग समोरासमोरचे कोपरे घ्यावे लागतात. हे जमलं नाही तर अजून दोन किलो रॉड सरावाला जाऊ द्या. २.५ मिमीचे एका किलोत साधारण पन्नास रॉड येतात.

विकत घेण्याआधी संध्याकाळी, सगळ्या गावाचे दिवे लागलेले असताना, घरचं व्होल्टेज मोजा. ते १८० च्या खाली जात असेल तर रॉड चिकटत राहील आणि दोष विनाकारण मशीनला किंवा पोराला लागेल. मशीन किती कमी व्होल्टेजपर्यंत चालते ते दुकानदाराला विचारा. १६ ॲम्पियरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ४ चौरस मिमीची तांब्याची वायर हवी. पंख्याची पातळ वायर जोडली तर ती तापून वितळते. मशीनवर ६० टक्के लिहिलेलं असेल, तर त्या करंटवर दर १० मिनिटांतली ६ मिनिटंच काम, बाकी विश्रांती.

जागा मात्र तुम्हीच ठरवा. घरात कापसाची गंजी, शेजारी कुटार (भुसा), आणि ठिणगी ३५ फुटांपर्यंत जाते. कापूस आतल्या आत धुमसतो आणि बऱ्याच वेळानंही पेटू शकतो, म्हणून काम संपल्यावर किमान तासभर कोणीतरी तिथं थांबायलाच हवं. डिझेलचा किंवा औषधाचा रिकामा ड्रम कोणीही वेल्डिंगला आणला तरी परत पाठवायचा. आतली वाफ भडकली की ड्रमचा बॉम्ब होतो.

यासाठी पीककर्जाला हात लावू नका. ते बियाणं-खतांचं आहे आणि पाऊस कोणाचं ऐकत नाही. मुलगा परंपरागत लोहारकाम करत असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत लोहार येतो. १५ हजारांपर्यंतचं अवजार-व्हाउचर आणि ५ टक्क्यांनी १ लाखापर्यंतचं पहिलं कर्ज आहे. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, वय किमान १८ हवं. कर्ज मात्र काम चालायला लागल्यावरच.

मशीन गुढीपाडव्याच्या आसपास घरात आली तर बरं, कारण वखर-डवऱ्यांची गर्दी मृगाआधी असते. अडचण अशी की तेव्हा शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, मजुरी दिवाळीवर जाते. म्हणून ५ किलो रॉड आणि दहा कटिंग व्हील भरतील इतकी रोकड पोरानं वेगळी ठेवावी, आणि ती संपली तर तुम्ही भरू नका. उधारी किती द्यायची हे त्याला तेव्हाच कळतं. नातेवाइकांचं काम फुकट करून घेऊ नका. काकाच्या वखराचे पैसेही वहीत लिहायचे, आणि ते मागायला पोरासोबत तुम्हीही जायचं.