‘एडिटला बघू’ म्हणण्याआधी : शूटवरच्या या चुका टाळा

लॉ कॉलेज रस्त्यावर, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्याचाच परिणाम असावा, पण तिच्या फाटकावरून रोज स्कूटर नेणाऱ्या पुणेकरालाही आपल्याला शूटिंग कळतं असं वाटतं. मी एडिटिंग करतो. म्हणजे लोकांनी शूटवर केलेला पसारा रात्री अकरानंतर आवरतो.

आधी शब्दांचं बघू. ‘कॅमेरा जरा वर पॅन कर’ असं काही नसतं. पॅन आडवा, टिल्ट उभा. संपलं.

झूम आणि ट्रॅकमधला घोळ मात्र महागात पडतो. झूममध्ये कॅमेरा जागचा हलत नाही, लेन्सची फोकल लेंग्थ बदलते. ट्रॅकमध्ये कॅमेराच पुढे सरकतो, त्यामुळे माणूस आणि त्याच्यामागची भिंत यांचं नातं बदलत जातं. एका दिग्दर्शकाने ‘ट्रॅक इन’ मागितला. पोरांनी गाडीतून रूळ काढले, पाचर मारून लेव्हल केले. अर्ध्या तासाने कळलं, साहेबांना झूम हवा होता.

आता माझी खरी दुखरी नस : लाइन क्रॉस करणं. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामध्ये, आणि काही चालत असेल तर त्याच्या चालण्याच्या दिशेने, एक रेघ आहे असं समजायचं आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. अनंत चतुर्दशीला आमची दोन माणसं लक्ष्मी रस्त्यावर होती. मिरवणूक बेलबाग चौकाकडून अलका चौकाकडे जाते. एकाने उत्तरेच्या बाजूच्या गॅलरीतून शूट केलं, त्याच्या फ्रेममध्ये पथक डावीकडून उजवीकडे जात होतं. दुसऱ्या, हौशी पोराला समोरच्या गॅलरीतला उजेड आवडला. त्याच्याकडे तेच पथक उजवीकडून डावीकडे. दोन्ही शॉट शेजारी लावले तर एका ढोल पथकावर दुसरं चालून येतंय असं दिसायला लागलं. प्रोड्यूसर म्हणाले, ‘अरे, बाप्पाला परत घरी नेताय का?’

पोराचं उत्तर तयार होतं : ‘शॉट मिरर करा ना!’ केला. दुकानांच्या सगळ्या पाट्या उलट्या. पुण्यात दुसरं काहीही खपेल, उलटी पाटी खपणार नाही. शेवटी वडिलांच्या खांद्यावर बसून कान झाकून घेतलेल्या एका मुलीचा क्लोजअप सापडला, तो मध्ये घातला आणि वेळ निभावली. समोरून, थेट कॅमेऱ्याकडे येणाऱ्या पथकाचा शॉट असता तरी चाललं असतं. त्यात डावं-उजवं नसतं, दिशा गुपचूप बदलता येते. तेव्हापासून माझ्या माणसांच्या ट्रायपॉडवर पांढऱ्या टेपने बाण चिकटवलेला असतो. शाळकरी वाटतं, वाटू दे.

दुसरी चीड ऑटो व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्यालाच ठरवू देण्याची. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : दिवसाचा उजेड साधारण ५६०० केल्विन, जुना पिवळा बल्ब साधारण २८००. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात आजोबांची मुलाखत होती. एका अंगाला चौकातला उजेड, दुसऱ्या अंगाला माजघरातला बल्ब. बाहेर ढग आला की आजोबांचा सदरा पिवळट व्हायचा, ढग गेला की निळसर, तेही एकाच वाक्यात. आधी तो बल्ब बंद करायचा, मग पांढरा कागद धरून बॅलन्स लॉक करायचा. कागद, रुमाल नव्हे. रुमाल पांढरा आहे हा फक्त समज असतो.

त्याच मुलाखतीत चेहऱ्याशिवाय एकही शॉट नव्हता. उत्तर कापलं की आजोबांची मान टुणकन उडणार, जंप कट. हात, चष्मा, चहाचा कप, भिंतीवरचा फोटो असे कटअवे, म्हणजे कापलेली जागा झाकणारे शॉट, घ्यायला दहा मिनिटं लागतात. तेवढीही घाई असेल तर घरी बसा.

दिवे लुकलुकतात अशी तक्रार असेल तर शटर बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा थरथरतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की बहुतेक वेळा भागतं. फोन ३० फ्रेमवर सोडून देणारे ते फुटेज मलाच आणून देतात.

पॅनच्या आधी आणि नंतर पाच सेकंद कॅमेरा स्थिर धरा. डोक्यावर हातभर आकाश ठेवू नका. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.

आणि निघण्यापूर्वी त्या खोलीचा नुसता ॲम्बियन्स, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा आवाज, अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. पंखा बोलण्याच्या वेळी चालू असेल तर तेव्हाही चालूच ठेवा. कापलेल्या वाक्यांमधली भोकं बुजवायला मला तोच आवाज लागतो. त्या अर्ध्या मिनिटात हमखास कुणीतरी खिशातल्या किल्ल्या वाजवतो. मग पुन्हा अर्धा मिनिट.