बारा-तेराचा पाना आणि हेल्परचं बाकीचं काम

पहिल्याच दिवशी मिस्त्री पंपाच्या बुडाशी उकिडवे बसले होते. मागे न बघता त्यांनी हात मागे केला आणि म्हणाले, "बारा-तेरा दे." मी पेटीत बाराचा एक आणि तेराचा एक असे दोन पाने शोधत बसले. बारा-तेरा हा एकच पाना असतो, एका तोंडाला 12 मिलिमीटर आणि दुसऱ्या तोंडाला 13, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी तेच उठले, पाना काढला, माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि काही न बोलता परत बसले. त्यांच्या हाताखाली मी चार वर्षं काढली. आता माझ्या हाताखाली पोरं असतात. नवीन हेल्पर अडतो तो असल्याच बारीक गोष्टींना, ताकद तर सगळ्यांकडेच असते. माझं काम पंप, मोटर, पंखे, ब्लोअर यांचं, म्हणून उदाहरणं तिथली. एसी, लिफ्ट, प्लंबिंग, वायरिंग, कुठंही लागलात तरी बरंचसं हेच लागू पडेल.

आधी पेटी पाठ करा

दुतोंडी पाने जोडीनेच बोलले जातात: दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा, अठरा-एकोणीस. पहिला गोंधळ इथे होतो की बोल्टचा नंबर वेगळा आणि पान्याचा वेगळा. "आठचा बोल्ट" म्हणजे त्याच्या आट्यांची जाडी 8 मिलिमीटर. त्याच्या डोक्याला मात्र पाना लागतो 13 चा. सहाच्या बोल्टला 10, दहाच्याला 17 (काही बोल्टांना 16), बाराच्याला 19 (काहींना 18), सोळाच्याला 24. हे आकडे मी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवले होते. महिनाभरात झाकणाकडे बघायची गरज उरली नाही, नट बघितला की हात बरोबर पान्यावर जायला लागला.

पाना देण्याचीही एक रीत आहे. मूठ मिस्त्रीच्या तळहातात बसली पाहिजे, तोंड नटाच्या दिशेने, आणि त्यांच्या बोटांची पकड आपल्या हाताला जाणवल्याशिवाय सोडायचा नाही. मिस्त्री शिडीवर असतील तर हत्यार वर फेकायचं नाही, पिशवीत घालून दोरीने वर पाठवायचं.

नट जाम असेल तर आधी रिंग पाना लागतो, कारण तो नटाला चहूबाजूंनी धरतो आणि कोपरे झिजवत नाही. नट सुटला की फिरवून काढायला साधा पाना सोयीचा. म्हणजे रिंग दिला की दुसऱ्या हातात साधा तयार ठेवायचा, आणि नट हातात पडायच्या आत ट्रे जवळ सरकवायचा. मिस्त्रीच्या हाताकडे बघत राहिलात तर तुम्ही कायम एक पाऊल मागे असता. नटाकडे बघा, पुढे काय लागणार ते नटच सांगतो.

उघडताना

हेल्परच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, असं माझं मत आहे. खोलणं कुणालाही जमतं, पण जसं होतं तसं परत बसवायचं असतं आणि ते लक्षात ठेवायची जबाबदारी बहुतेक वेळा हेल्परवरच येते.

माझी एक गोष्ट सांगते. मोटर बेअरिंग बदलायला काढायची होती. मोटरच्या पायांखाली पातळ पत्र्याच्या शिम असतात. मोटरचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत यावा म्हणून त्या घातलेल्या असतात, काही तर 0.05 मिलिमीटरच्या, कागदापेक्षाही पातळ. मिस्त्रींनी चार बोल्ट काढले, मोटर चेन ब्लॉकने (वजन उचलायच्या साखळीच्या कप्पीने) उचलली आणि मला म्हणाले, "शिम काढून ठेव." मी मन लावून काढल्या. एकेक पुसली, तेल काढलं, जाडीप्रमाणे लावल्या आणि सगळ्यांची छान चवड करून एका डब्यात ठेवली. मिस्त्रींनी डबा बघितला.

"कुठल्या पायाखालची कुठली?"

मी गप्प.

"चकचकीत केल्यास गं पोरी, पण घराचा पत्ता पुसून टाकलास."

पुढचा अर्धा दिवस डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावून, एकेक शिम घालून-काढून अलाइनमेंट करण्यात गेला. एरवी तासाभराचं काम. तेव्हापासून प्रत्येक पायाच्या शिम वेगळ्या, तारेत ओवलेल्या, आणि तारेला चिठ्ठी: पंपाकडचा डावा, पंपाकडचा उजवा, पंख्याकडचा डावा, पंख्याकडचा उजवा. "डावा" म्हणजे कुठं उभं राहून डावा, तेही ठरवून टाकायचं. आम्ही कायम पंपाकडे तोंड करून, मोटरच्या मागे उभं राहून बोलतो.

बाकी गोष्टी याच चालीवर. पाना लावायच्या आधी मोबाइलवर तीन फोटो: लांबून एक, जवळून एक, आणि नावाची पाटी दिसेल असा एक. कपलिंगच्या (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या भागाच्या) दोन्ही अर्ध्यांवर समोरासमोर खूण करायची, म्हणजे ते ज्या स्थितीत होते त्याच स्थितीत बसतील. मोटरच्या दोन्ही झाकणांवर आणि बॉडीवर सेंटर पंचाने ठिपके, एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. बोल्ट एकाच लांबीचे दिसले तरी ते जिथून आले तिथेच जातात असं धरून चालायचं. पुठ्ठ्यावर झाकणाचा गोल काढून त्यात भोकं पाडून बोल्ट त्याच जागी खोचून ठेवले की विषयच मिटतो.

मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये वायरी सोडवायच्या आधी प्रत्येकीला चिकटपट्टी लावून नंबर घालायचा आणि पितळी पट्ट्या कशा जोडल्या आहेत याचा फोटो काढायचा. थ्री फेजच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते. यातली खोड अशी की सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडंफार पाणी देतो. त्यामुळे "चालतोय की" म्हणून सोडून दिलं जातं आणि प्रेशर का मिळत नाही याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. म्हणून कपलिंग जोडायच्या आधी मोटर क्षणभर चालू करून दिशा बघून घ्यायची. काही पंपांचा इम्पेलर (आतलं पाणी ढकलणारं फिरतं चाक) आट्यांवर बसवलेला असतो, उलटा फिरला तर तो सुटूनच येतो.

बंद म्हणजे किती बंद

"सप्लाय बंद केलाय" हे ऐकून हात घालायचा नाही. कुणीही सांगितलेलं असो, मिस्त्रींनी सांगितलेलं असलं तरी. आयसोलेटरला (सप्लाय तोडायच्या स्विचला) तुमचं स्वतःचं कुलूप लागलं पाहिजे आणि किल्ली तुमच्या खिशात. दोन माणसं काम करत असतील तर दोन कुलपं. सोबत नाव-वेळ लिहिलेली पाटी. पाटी एकटी पुरत नाही, कारण पाटी न वाचता बटण दाबणारा माणूस कुठंही असतो.

मग तपासणी. ज्या मीटरने तपासणार तो आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून बघा की दाखवतोय का, मग आपल्या कामाच्या जागी, आणि मग पुन्हा त्याच चालू ठिकाणी. मधल्या काळात मीटरच बिघडला किंवा वायर तुटली तर ते तिसऱ्या पायरीवर कळतं. नुसता टेस्टरचा दिवा लागला नाही यावर मी तरी विसंबत नाही.

वीज गेली तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. एसीचा, सिंगल फेज मोटरचा, ड्राइव्हचा (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा). ड्राइव्हच्या पाटीवर किती मिनिटं थांबायचं ते लिहिलेलं असतं. ती मिनिटं घड्याळ लावून थांबायचं आणि त्यानंतरही मीटर लावायचाच. आणि विजेशिवायही ताकद साठलेली असते हे नवीन माणसाच्या ध्यानात येत नाही: दाबलेली स्प्रिंग, अधांतरी लटकणारं वजन, पाइपातलं प्रेशर. फ्लँज (पाइपाच्या जोडावरची बोल्टांची चकती) सोडवताना आपल्यापासून लांबच्या बाजूचा नट आधी ढिला करायचा. आत काही उरलं असेल तर ते पलीकडे उडतं, तोंडावर येत नाही.

धरणं

"धर जरा" हे वाक्य दिवसात पन्नास वेळा ऐकू येतं. धरताना बोटं कुठं आहेत ते आधी बघा. मोटर खाली टेकवताना खाली लाकडाचे ठोकळे घालायचे आणि सरकवायचे तेही काठीने. टांगलेल्या वजनाखाली हात, पाय, डोकं काहीच नको. दोघांनी मिळून उचलायचं असेल तर बोलायचं कुणी एकानेच. आमच्याकडे "तीन" म्हटल्यावर उचलायचं की "तीन"नंतर, यावरून एकदा एका पंख्याचं पातं वाकलं, तेव्हापासून आधी विचारून घेते. हात दमले तर आधीच सांगा. "सुटतंय" म्हणण्यापेक्षा "अजून मिनिटभर धरेन" हे मिस्त्रीच्या कामाचं असतं.

शिडी चार फूट उंच टेकत असेल तर तिचा पाया भिंतीपासून एक फूट लांब. मोजायला टेप नको: शिडीच्या पायांना चवडे लावून सरळ उभं राहायचं, हात समोर ताठ करायचे, तळवे पायरीला टेकले म्हणजे उतार बरोबर.

हातमोज्यांबद्दल थोडं. पत्रा, वायर रोप, गरम पाइप यांना हवेतच. पण ड्रिल मशीनसारख्या फिरत्या हत्याराजवळ काढून ठेवा. मोज्याचा धागा बिटमध्ये गुंतला की हात सोडवायला वेळ मिळत नाही. ओढणी, सैल बाही, मोकळे केस, गळ्यातली साखळी, सगळ्यांना हेच. आणि मोजे आपल्या मापाचे मागून घ्या. मला पहिले सहा महिने ढगळ मोजे होते आणि "नट पाडतेस" म्हणून बोलणी मी खात होते. ग्राइंडरला चाक लावताना चाकावरचा आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नसावा, गार्ड काढू नये, आणि कापायच्या पातळ चाकाने घासायचं काम करू नये, बाजूने दाब आला की ते फुटतं.

बेअरिंग आणायला पाठवलं तर

नंबर पूर्ण लिहून न्या. 6205 म्हणजे शेवटच्या 05 ला 5 ने गुणायचं, आतलं भोक 25 मिलिमीटर. 6206 असेल तर 30. (हा हिशेब 04 पासून पुढेच चालतो.) पण नंबराच्या मागची अक्षरं विसरलात तर दुसरी फेरी नक्की. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आरएस म्हणजे रबराचं सील, सी-3 म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त सैलपणा, गरम होणाऱ्या मोटरसाठी. मी एकदा सी-3 न लिहिता गेले आणि साधं घेऊन आले. मिस्त्रींनी ते डबीतून काढलंही नाही, डबीवरचं वाचूनच मला परत पाठवलं.

बसवताना ज्या रिंगचा बसवणीशी घट्ट संबंध, तिच्यावरच जोर. शाफ्टवर चढवताना आतल्या रिंगवर, घरात (ज्या खाचेत बेअरिंग बसतं तिथे) बसवताना बाहेरच्या रिंगवर. उलट केलं तर जोर गोळ्यांमधून जातो, रिंगवर खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं. बसवायची वेळ येईपर्यंत ते कागदातच राहू द्या. बघायला म्हणून उघडून धुळीत ठेवणारे हेल्पर मी पाहिलेत. त्यांत मीही होते.

विचारायचं कधी, सांगायचं कधी

मिस्त्री जोर लावत असताना, किंवा मोजमाप वाचत असताना प्रश्न नको. हत्यार खाली ठेवलं की विचारा. "हे असं का" यापेक्षा "तुम्ही तो नट आधी का सोडवलात" असं विचारलं की उत्तर मिळतं. चूक झाली तर मात्र त्याच क्षणी बोला, काम चालू असलं तरी. आटे गेले, वॉशर आत पडला, वायर ताणली गेली, काहीही. लगेच सांगितलं तर पाच मिनिटांचं काम असतं, आणि झाकण लागल्यावर सांगायला धीर होत नाही.

दिवस संपताना

हत्यारं पुसत पुसतच मोजायची. पुसताना पान्याचं तोंड फाकलंय का, छिन्नीच्या डोक्याला कडा फुटल्यात का ते दिसतं. पेटी भरताना किती आणले, किती परत. कापडाचे बोळेसुद्धा मोजते मी.

एकदा दहा-अकरा कमी भरला. ब्लोअरचं काम संपलं होतं, कपडे बदलून झाले होते, आणि सकाळी मशीन चालू करायचं होतं. मी म्हटलं, "मिस्त्री, कुठंतरी पडला असेल, उद्या शोधते." त्यांनी पेटी पुन्हा उघडली. ब्लोअरचं झाकण काढून टॉर्च मारला तर पाना केसिंगच्या तळाशी, इम्पेलरपासून चार बोटांवर. त्यांनी तो काढला, पुसला, पेटीत त्याच्या जागी ठेवला, आणि झाकणाचे सोळा बोल्ट परत आवळायला माझ्या हातात बारा-तेरा दिला.