नदी अडली की बस येते: रिव्हर क्रूझला जाताना या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, ऱ्हाइन आटली म्हणे! आपलं कसं?" मे-जूनमध्ये सूर उलटा असतो: "ताई, पासाऊला पूर आलाय, बातम्यांत दाखवतायत." मी ठाण्याची. गेली बारा वर्षं दहा-पंधरा जणांचे ग्रुप घेऊन युरोपातल्या ऱ्हाइन आणि डॅन्यूब या नद्यांवर जाते. या बारा वर्षांत नद्या दर वेळी वेगळ्या वागल्या, पण माणसं त्याच त्याच चुका करत आली. निदान पुढच्या मोसमात तरी मला तेच तेच सांगायला लागू नये म्हणून हे लिहितेय.

आधी एक साधी गोष्ट. पाणी कमी झालं तर जहाजाचा तळ टेकतो. पाणी वाढलं तर जहाज पुलाखालून जात नाही. ही जहाजं मुद्दाम बुटकी बांधलेली असतात. कप्तानाची केबिन खाली सरकते, वरच्या डेकचे कठडे दुमडतात, तरीही कधी कधी चार बोटांचं अंतर उरत नाही. कारण कुठलंही असो, शेवट एकच असतो. सकाळी धक्क्यावर बस उभी राहते. बसचं नाव काढताच ज्यांचं तोंड वाकडं होतं त्यांनी समुद्रावरची क्रूझ घ्यावी, असं मी तोंडावर सांगते. चार गिऱ्हाइकं त्यामुळे गेली असतील, जाऊ देत.

गेजचा आकडा म्हणजे नदीची खोली समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा सविस्तर.

ऱ्हाइनवर काउब नावाचं छोटं गाव आहे. नदीच्या मधोमध खडकावर जहाजाच्या आकाराचा पांढरा किल्ला दिसतो ना, तेच. लोरेलायच्या कड्याच्या जवळपास. मधल्या ऱ्हाइनचं सगळ्यात उथळ ठिकाण हे, त्यामुळे मालवाहू जहाजांपासून आपल्या क्रूझपर्यंत सगळ्यांचं लक्ष काउबच्या गेजवर, म्हणजे पाण्याची पातळी मोजणाऱ्या पट्टीच्या आकड्यावर असतं. जर्मन सरकारच्या पेगेल-ऑनलाइन या साइटवर तो कुणालाही फुकट बघता येतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

डोंबिवलीचे एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांची सवय असलेले. निघायला बारा दिवस असताना त्यांनी व्हॉट्सॅपवर स्क्रीनशॉट टाकला: काउब, ७४ सेंमी. खाली लिहिलं, "माझ्या मांडीइतकंसुद्धा पाणी नाही. यात जहाज कसं चालणार?" अर्ध्या तासात ग्रुपमध्ये रडारड. मी फोन करून समजावलं की काका, गेजचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे. पट्टी कुठून तरी मोजायला सुरुवात करते, इतकंच. काउबला गेजवर ७८च्या आसपास आकडा असतो तेव्हा जहाजांच्या वाटेत साधारण १ मीटर ९० सेंमी पाणी असतं. ढोबळ हिशेब करायचा तर आकड्यात एक मीटर दहा-बारा सेंटिमीटर मिळवायचे. आपलं जहाज पाण्याखाली दीड मीटरच्या आसपास. म्हणजे अंतर थोडं आहे, पण आहे.

काकांना पटलं नाही. त्यांनी त्याच रात्री स्वतःहून बुकिंग रद्द केलं. बारा दिवस आधी रद्द केल्यावर काय मिळतं? काही नाही. जहाज वेळेवर निघालं, हळू हळू काउब ओलांडलं. सहा दिवसांत एकच दिवस बसने काढावा लागला, तोही एका लॉकच्या (जहाज वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदाच्या) दुरुस्तीमुळे. काकांनी दोघांचे मिळून घालवले त्या पैशांत कोकणात वर्षभर राहता आलं असतं.

म्हणून माझी सवय अशी. आकडा आठवड्यातून तीनदा बघायचा, एका वहीत तारखेसमोर लिहायचा, आणि एका आकड्याऐवजी चढ-उतार बघायचा. ७४ वरून ७० झालं तर मी चहा पिते. ५० वरून ४० कडे निघालं तर बसवाल्यांचे नंबर काढून ठेवते. २०१८च्या ऑक्टोबरात काउब २५ सेंमीवर गेलं होतं. त्या वेळी कुणी आशा लावून बसलं असतं तर तो शुद्ध वेडेपणा ठरला असता. २०२२च्या ऑगस्टातही आकडा तिशीच्या आसपास घुटमळत होता.

आणि कृपा करून आपल्या नदीचा गेज बघा. डॅन्यूबला निघालेले लोक मला ऱ्हाइनवरच्या कलोनचा आकडा पाठवतात. डॅन्यूब जर्मनीत बरीचशी बांध घालून अडवलेली आहे, त्यामुळे तिथली पातळी सहसा राखली जाते. खरी अडचण स्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या सत्तरेक किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात येते. तिथले गेज फेलिंग आणि होफकिर्शेन. रेगेन्सबुर्गहून पासाऊला जाताना बस लागली तर ती बहुतेक वेळा याच तुकड्यामुळे. खाली बल्गेरिया-रोमानियाच्या मधे वाळूचे दांडे वर येतात, ते वेगळंच.

थोडक्यात, कंपनीने रद्द करेपर्यंत स्वतःहून रद्द करू नका. कंपनीने रद्द केलं तर पैशांबद्दल बोलायला जागा उरते. तुम्ही रद्द केलंत तर नाही.

त्याच दिवशीचं विमान

क्रूझ सकाळी नऊला संपते म्हणून दुपारी एकचं विमान घेणाऱ्यांना मी नमस्कार करते. जहाज शेवटच्या शहराऐवजी ऐंशी किलोमीटर अलीकडेच थांबलं तर? "ट्रेन आहे की!" हो, आहे. २०२४ साली जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर पोहोचल्या. एक रात्र हॉटेलात काढा. आधी एक, नंतर एक.

व्हिसावर मोजून दिवस मागणं

कार्यक्रम नऊ दिवसांचा म्हणून अर्जातही नऊच दिवस लिहिणारे लोक आहेत. स्टिकरवर मुक्कामाचे किती दिवस छापलेत ते बघा. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात मोजला जातो. जहाज अडकलं, एक रात्र वाढली, की विमानतळावर घाम फुटतो. अर्ज करतानाच पुढे-मागे एकेक रात्र धरून तशी हॉटेलं दाखवा.

बुडापेस्टहून खाली जाणाऱ्यांनी तर सिंगल एंट्रीचा विचारही करू नये. सर्बिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे हंगेरीच्या मोहाचला पासपोर्ट तपासून बाहेर काढतात. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आलेत, म्हणजे बेलग्रेडनंतर तुम्ही शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा शिरता. जहाज बदललं, बसने सीमा ओलांडली, तरी हा हिशेब तसाच राहतो. आणि तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मावसभावाचं ऐकू नका. त्याच्या वेळी नियम वेगळे होते.

संध्याकाळची बैठक बुडवणं

जेवणाआधी पाऊण तास लाउंजमध्ये उद्याचा कार्यक्रम सांगतात. पहिल्या दिवशी सगळे येतात, तिसऱ्या दिवसापासून निम्मे. "रोज तेच बोलतात हो." रोज तेच बोलतात, आणि मधेच एक वाक्य वेगळं बोलतात.

व्हिएन्नाची गोष्ट. मे महिना, वर बव्हेरियात पाऊस, डॅन्यूब चढत होती. पुढे जाता येईना म्हणून जहाजं व्हिएन्नात साचली होती. धक्क्यावर एकाला एक अशी तीन-तीन जहाजं बांधलेली. किनाऱ्यावर उतरायचं तर दोन परक्या जहाजांच्या लॉबीतून, त्यांच्या फुलदाण्या आणि कॉफी मशीनच्या शेजारून जावं लागायचं. त्या संध्याकाळी बैठकीत सांगितलं: आपण नुसडॉर्फच्या धक्क्यावर आहोत, पण उद्या दुपारी जागा सोडायचीय, रात्री जहाज राइश्सब्रुकच्या पुलाजवळ मिळेल.

पुण्याचं एक जोडपं बैठकीला नव्हतं. मी दाराखालून चिठ्ठीही सरकवली होती. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी सामान आवरताना पाहिली, बुटाखाली. दिवसभर शहरात हिंडून, रात्रीच्या संगीताच्या मैफलीला जाऊन साडेदहाला ते टॅक्सीने नुसडॉर्फला पोहोचले. जहाजं होती. पांढरी, लांबलचक, दिवे लावलेली. दोघंही एका जहाजात शिरले, त्यातून दुसऱ्यात, त्यातून तिसऱ्यात, आणि तिसऱ्याच्या रिसेप्शनवर आपली खोली ३०४ ची किल्ली मागितली. तिथल्या मुलीने नाव विचारलं. त्यांना जहाजाचं पूर्ण नाव आठवेना. या जहाजांची नावंही सारखीच असतात, कुणी राणी, कुणी राजकन्या. उतरताना मिळणारं कार्ड, ज्यावर जहाजाचा फोन नंबर असतो, ते खोलीतल्या ड्रॉवरमध्ये. रोमिंग घेतलेलं नव्हतं, कारण "वायफाय असतंच ना सगळीकडे".

त्या मुलीने, देव तिचं भलं करो, एकामागून एक तीन जहाजांना फोन लावले. तिसरं आमचं. मी तेव्हा धक्क्यावर येरझाऱ्या घालत होते. साडेअकराला ते आले तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आणि काकांच्या तोंडी पहिलं वाक्य, "तुम्ही सांगायला हवं होतं."

आता मी काय करते? पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या फोनमध्ये तीन फोटो काढायला लावते: जहाजाचं नाव असलेली बाजू, कार्डाची मागची बाजू, आणि धक्क्यावरची नंबराची पाटी. पाटीचा फोटो रोज नवा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच पकडणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. युरोपात गेलं की मात्र माणसं विश्वासाने डोळे मिटून चालतात. रोमिंगचे सात-आठशे रुपये वाचवणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, संपादक कापतील.

बॅग पूर्ण उघडणं

पाणी अडलं की बऱ्याच कंपन्या जहाज बदलतात. वरच्या बाजूचे प्रवासी बसने खाली, खालचे वर, आणि दोन्ही जहाजं तिथूनच मागे फिरतात. खोली तीच, नंबर तोच, फक्त जहाज दुसरं. त्यासाठी बॅगा सकाळी सातला दाराबाहेर हव्या असतात. ज्यांनी आठ साड्या हँगरला लावल्या त्यांचं रात्री बारापर्यंत चालतं. निम्मं सामान बॅगेतच राहू द्या. औषधं, चष्मा, पासपोर्ट कायम खांद्यावर.

व्हिसाच्या विम्यावर विसंबणं

व्हिसासाठी लागणारा ३०,००० युरोंचा विमा आजारपणाचा असतो. नदी आटली म्हणून तो दमडी देत नाही. प्रवास खंडित होण्याचं कलम वेगळं मागून घ्या आणि त्यात पूर-अवर्षण येतं का ते एजंटकडून लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, सगळं कव्हर आहे" याला किंमत नाही.

स्वस्त म्हणून एल्ब

एल्ब नदी सुंदर आहे, पण उन्हाळ्यात तिचा काहीच भरवसा नाही. चेकमधल्या देचीनला नदीपात्रात दगड आहे, पाणी खूप उतरलं तरच दिसतो. त्यावर जर्मनमध्ये कोरलंय: मला पाहिलंस तर रड. शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांना हे माहीत होतं. ऑगस्टमधली सवलत बघून उड्या मारणाऱ्यांना मात्र माहीत नसतं.

कप्तानाशी वाद घालणं

घालू नका. नदी बंद करायची की नाही हे सरकारी जलमार्ग खातं ठरवतं. २०२४च्या डिसेंबरात जर्मनीतल्या मोझेल नदीवर म्यूडेनच्या लॉकच्या दाराला एक मालवाहू जहाज धडकलं आणि नदी कित्येक आठवडे बंद राहिली. तिथे कुठला कप्तान काय करणार? त्यापेक्षा रिसेप्शनला तीन प्रश्न विचारा: बसमध्ये स्वच्छतागृह आहे का, जेवण कुठे, आणि जैन जेवणाचं तिथे कळवलंय का. तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मग दुपारी दोनला एखाद्या बव्हेरियन खानावळीत उकडलेल्या बटाट्यासमोर बसून माझ्याकडे बघतात.

त्या दिवसासाठी खाकरा, चिवडा, शेंगदाण्याची चिक्की हँडबॅगेत ठेवा. पेढे-बर्फी नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. गेल्या वर्षी एका आजींचे किलोभर कंदी पेढे फ्रँकफर्टला कस्टमच्या डब्यात गेले, आणि क्रूझ संपेपर्यंत आजी कमी पाण्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, बोलल्या त्या फक्त पेढ्यांबद्दल.