वजन उतरवताना या चुका टाळा

पहिली चूक मोजमापातच होते. आपल्याकडे कमरेचे माप म्हणजे पँटचा नंबर असे धरले जाते. परंतु पँट पोटाखाली बांधली जात असल्याने पोट सुटत गेले तरी नंबर वर्षानुवर्षे 34 च राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप लावावा, सरळ उभे राहावे, पोट आत न ओढता श्वास सोडावा आणि मग आकडा वाचावा. भारतीय पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटीमीटरपेक्षा जास्त माप धोक्याचे समजले जाते. बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याच्या (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) बाबतीतही आपल्यासाठी 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, कारण तेवढ्याच वजनाला पाश्चात्त्य लोकांपेक्षा आपल्या शरीरात चरबी अधिक असते आणि ती पोटात, यकृतात साठते. टाइप 2 मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि फॅटी लिव्हर यांची सुरुवात बहुधा येथूनच होते. म्हणून सुटलेल्या पोटाला ‘खात्यापित्या घरचे लक्षण’ म्हणणे आता सोडलेच पाहिजे.

दुसरी चूक मराठवाड्यात घरोघरी दिसते. भाकरीने वजन वाढत नाही, असे समजून पोळी बंद केली जाते आणि दोन पोळ्यांच्या जागी तीन जाड भाकरी खाल्ल्या जातात. ज्वारी उत्तम धान्य आहे, यात वाद नाही. पण वजनाला वजन धरले तर ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठातील कॅलरी जवळपास सारख्याच असतात. शिवाय ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर सोडलेले तेल कोणी मोजत नाही. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, म्हणजे पिठाच्या दुपटीहून अधिक. भाकरीवर रागावण्यापेक्षा तेलाचा डबा महिन्याला घरात किती माणसांत संपतो, हे एकदा लिहून काढावे. चहाचेही तसेच आहे: दिवसातून सहा कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घेतल्यास साधारण 60 ग्रॅम साखर केवळ चहातूनच पोटात जाते.

एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पापड खाऊन ‘आज उपवास घडला’ असे मानले, तरी त्या दिवशीचा आहार अनेकदा नेहमीपेक्षा जड झालेला असतो. ताक, काकडी आणि एखादे फळ यांवरही उपवास उत्तम होतो.

उन्हाळ्यात चालणे बंद पडते, हेही खरे. एप्रिल-मेच्या उन्हात परभणी-नांदेडकडे सकाळी नऊनंतर बाहेर पडणे योग्यही नाही. त्यासाठी उजाडण्याच्या सुमारास निघावे आणि आठवड्याला किमान 150 मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने चालावे.

सर्वांत घातक चूक मात्र घाईची आहे. आठवड्याला अर्धा ते एक किलो एवढीच घट सुरक्षित असते. फार झपाट्याने वजन उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण अचानक तोडल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, म्हणून आधी डॉक्टरांशी बोलावे. 80 किलो वजनाच्या माणसाने 4 ते 8 किलो कमी केले, तरी रक्तदाब आणि साखर यांत फरक पडतो.

काही आठवड्यांनी काटा थबकला तर घाबरू नये. हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जाही कमी लागते, म्हणून तेल आणि साखर पुन्हा मोजावी. तरीही महिनोन् महिने काहीच हलत नसेल, थकवा राहत असेल किंवा मोठ्याने घोरण्यात मध्येच श्वास थांबतो असे घरचे सांगत असतील, तर थायरॉइड आणि झोप यांची तपासणी करून घ्यावी.