पहिल्यांदा समुद्रात जिगिंगला जाताय? सामान घेताना या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की भुसावळ, जळगाव, धुळ्याकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. हतनूरला मरळ लावलेली असते, गिरणा धरणावर कटला-रोहू खेळवलेले असतात आणि आता कोकणात जाऊन बोटीतून जिगिंग करायचं असतं, म्हणजे धातूचं जड आमिष (जिग) खाली सोडून झटके देत मासा धरायचा असतो. हौस चांगली आहे. पण दर हंगामात पहिला प्रश्न ठरलेला: "आप्पा, माले फक्त रीलनं सांगा, बाकीनं मी देखी लिसू."

रील सगळ्यात शेवटी घ्यायचं असतं. आधी बोटवाल्याला फोन करा आणि पाणी किती खोल, तळाला खडप आहे की चिखल, सध्या मासा कोणता लागतोय, हे तीन प्रश्न विचारा. खोलीवरून जिगचं वजन ठरतं आणि जिगच्या वजनावरून रॉड. माशावरून दोरी ठरते आणि ती दोरी तीनशे मीटर मावेल ते रील. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात. दुकानात चमकणारं रील पाहून आधी तेच उचलणारे मी इतके पाहिलेत की आता रीलचा विषय निघाला की मी आधी गप्प बसतो आणि विचारतो, बोटवाल्याशी बोललास का?

हलकं जिग

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

नदीच्या काठावरून ल्युअर (खोटं आमिष) फेकायची सवय असलेल्याला दीडशे ग्रॅमचा धातूचा तुकडा हातात दिला की तो दचकतो. "इतलं जड कशाले?" कारण जिग फेकायचं नसतं. ते बोटीच्या कडेने सरळ खाली तळापर्यंत सोडायचं असतं आणि तिथून झटके देत वर आणायचं असतं. बोट वाऱ्याने सरकत असते, खाली पाण्याला वेगळीच ओढ असते आणि दोरीलाही पाणी ढकलतं. वजन कमी पडलं की दोरी तिरकी जाते आणि जिग तळाला टेकतच नाही.

एका डिसेंबरात आम्ही मालवणहून पहाटे निघालो होतो. सोबत रावेरकडचा एक तरुण होता, हाताने चलाख, पण कुणाचं ऐकून घ्यायचा नाही. खडपावर पोचलो तेव्हा यंत्रावर खोली 48 मीटर दिसत होती. तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, बोट ओढीच्या वरच्या अंगाला नेली आणि इंजिन बंद केलं, म्हणजे बोट आपोआप खडपावरून वाहत जाणार. आम्ही दीडशे ग्रॅमची जिगं सोडली. तळ लागला, दोरी ढिली पडली आणि आम्ही लगेच ताण घेऊन काम सुरू केलं. या पोराने 40 ग्रॅमचं जिग सोडलं. दोरी जात राहिली. पन्नास मीटर, सत्तर, शंभर. त्याला वाटलं, अजून तळ यायचाय. खरं तर त्याची दोरी बोटीखालून तिरकी होऊन पलीकडच्या बाजूला गेली होती आणि आमच्या तिघांच्या दोऱ्यांवरून फिरली होती. मग एकाने झटका दिला आणि चारही दोऱ्यांचा एकच गुंता झाला.

पातळ ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या दोरीचा ओला गुंता सुटत नाही, तो कापावाच लागतो. आम्ही कापाकापी करून लीडर (मुख्य दोरी आणि जिग यांच्यामधला दोरीचा तुकडा) परत बांधेपर्यंत बोट खडप ओलांडून पुढे गेली होती. तांडेलाने ती वळवून पुन्हा वर आणली. पोराने पुन्हा तेच जिग सोडलं. हलक्या जिगवर मोठा मासा लागलेला त्याने व्हिडिओत पाहिला होता. ते पाणी किती खोल होतं, ओढ किती होती, हे व्हिडिओत कुणी सांगितलेलं नसतं. पुन्हा गुंता झाला. तिसऱ्या फेरीला तांडेल एक शब्द न बोलता पुढे आला, त्याचं जिग कापून खिशात घातलं आणि स्वतःच्या डब्यातलं जड जिग बांधून दिलं. पण माशांची खायची वेळ तोवर संपली होती. पाणी शांत झालं आणि खडपावर दुपारपर्यंत एकही टोच (माशाचा झटका) लागली नाही. बोटीचं भाडं सगळ्यांनी सारखं भरलं होतं.

माझा हिशेब सोपा आहे. खोली जितके मीटर, त्याच्या दुप्पट ते तिप्पट ग्रॅम. पन्नास मीटरला शंभर ते दीडशे. ओढ जास्त असेल तर दोनशे. पहिल्या ट्रिपला 100, 150 आणि 200 अशी तीन वजनं घ्या आणि प्रत्येकाची किमान दोन जिगं ठेवा, कारण एखादं खडपात अडकणार आणि एखादं सुरमई दातांनी कापून नेणार. लांब, सडपातळ जिग सुरमई आणि कुप्यासाठी भरभर ओढायला. पानासारखं रुंद जिग गोबरा, तांबोशीसाठी, तळाजवळ हळू उचलायचं आणि गिरक्या घेत पडू द्यायचं. मासा बहुतेक वेळा ते खाली पडत असतानाच उचलतो, त्यामुळे त्या वेळी दोरीवर लक्ष हवं.

रंगांवर डोकं खपवू नका. चंदेरी-निळं, गुलाबी आणि अंधारात चमकणारं, एवढं पुरे. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, त्यामुळे खोलवर लाल जिग काळपटच दिसतं. डबाभर रंग घेण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या गळांवर घाला.

दोरीतली घाई

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. घरी तंगूस (साधी नायलॉनची दोरी) पडलेला असतो, तोच रीलवर चढवून माणूस निघतो. तंगूस ताणला जातो. पन्नास मीटर खाली जिग असताना वर दिलेला झटका त्या ताणातच जिरतो. जिग नाचत नाही, टोच हातात कळत नाही, गळ रुतत नाही. जिगिंगला ब्रेडेडच हवी. पीई (दोरीच्या जाडीचा आकडा) 2.5 किंवा 3 घ्या. जाड म्हणजे मजबूत हा समज सोडा. जाड दोरीला पाणी जास्त ढकलतं आणि मग जिग आणखी जड लागतं. दर दहा मीटरला रंग बदलणारी दोरी थोडी महाग पडते, पण मासा वीस मीटरवर लागला की तिसवर, हे तिच्यावर नजर टाकून कळतं आणि पुढच्या वेळी तिथेच थांबता येतं.

ब्रेडेड दोरी रीलच्या गुळगुळीत स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चाकावर) थेट बांधली तर सगळा गठ्ठा स्पूलवर गोल फिरतो. चाळीसगावच्या एका दादांना बोटीत चांगला मासा लागला. ड्रॅग (रीलचा ब्रेक) आवळून आवळून थकले तरी दोरी जातच होती. शेवटी अंगठ्याने स्पूल दाबायला गेले आणि अंगठा भाजून निघाला. आधी तंगुसाचे पंधरा-वीस वेढे घाला, त्याला ब्रेडेड जोडा, मग भरा.

भरतानाही घाई नको. ढिली भरलेली दोरी मोठा मासा ओढायला लागला की खालच्या वेढ्यांमध्ये रुतते आणि ऐन वेळी अडकून तुटते. माझी पद्धत अशी: दोरीची नवी गुंडाळी पाण्याच्या बादलीत टाकायची, समोरच्या माणसाने ओल्या फडक्यातून दोरी घट्ट धरायची आणि आपण संथ रील फिरवायचं. अर्धा तास लागतो. ज्याला हा अर्धा तास जड वाटतो, त्याने समुद्रावर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे तीन-चार मीटर फ्लुरोकार्बनचा लीडर, 50 ते 60 पाउंडाचा. तो ब्रेडेडला जोडायला एफजी नावाची गाठ. ही गाठ हलत्या बोटीत पहिल्यांदा शिकता येत नाही. घरी दाराच्या कडीला दोरी अडकवून बांधा, जोर लावून ओढा, सुटली की पुन्हा बांधा. डोळे मिटूनही गाठ नीट बसेपर्यंत बांधा. बोटीत दोरी तुटली की दुसऱ्याकडे गाठ मारून मागणारा माणूस सगळ्यांची वेळ खातो.

लीडर बांधायचा तो भरीव कडीला. स्प्लिट रिंगला (फट असलेल्या दुहेरी कडीला) थेट बांधला तर तिच्या फटीत दोरी सरकते आणि कापली जाते. सुरमई जोरात असेल तर जिगच्या आधी वीतभर वायर लावा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

तिहेरी गळ काढून टाका. ते खडपात अडकतात आणि बोटीत माणसाला लागतात. जिगच्या वरच्या कडीला असिस्ट हुक, म्हणजे आखूड दोरीला बांधलेले गळ, लावा. दोरी इतकीच लांब ठेवा की गळ जिगच्या निम्म्याच्या खाली जाणार नाही.

ड्रॅग बोटीत अंदाजाने आवळू नका. शेतात कापूस-कांदा तोलायचा लटकता काटा असतोच, त्याला दोरी बांधून ओढा. दोरीच्या ताकदीच्या पाव भागाला ड्रॅग सुटला पाहिजे. वीस किलोची दोरी असेल तर पाच किलोला.

रॉड सहा फुटांच्या आसपास हवा, नदीवरचा नऊ फुटी नको. मुठीच्या वर जिगचं वजन लिहिलेलं असतं ते वाचा. तापीच्या काठावर मासा ओढताना रॉड डोक्यावर उभा धरायची आपल्या लोकांना सवय आहे. बोटीखाली सरळ खाली मासा असताना तसं केलं की रॉडचं टोक तुटतं. रॉड कमरेच्या पातळीपासून छातीपर्यंतच उचला आणि खाली नेताना रील फिरवा.

जिग खडपात अडकलं तर दोरी हाताला गुंडाळून ओढायची नाही. ब्रेडेड मांस कापते. लाकडाच्या दांडक्याला वेढे द्या, नाहीतर तांडेलाला सांगा.

रॉड रेल्वेतून नेताना कापडी पिशवीवर भरवसा नको. ठाण्याला गाडी बदलून कुडाळला उतरेपर्यंत त्याच्यावर दहा बॅगा पडतात. तीन इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या घ्या. आपल्या जळगाव भागात पाइपाला तोटा नाही.

मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. रात्रीचं वांग्याचं भरीत आणि तळणही टाळा.

महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, त्याची हद्द बोटवाल्याला आधीच विचारून घ्या. महाकाय गोबरा कायद्याने संरक्षित आहे. लागलाच तर पाण्यातच गळ काढून सोडा.

परत आल्यावर सामान तसंच कोपऱ्यात टाकू नका. रीलचा ड्रॅग आवळून वरून हलक्या धारेने गोडं पाणी सोडा, जोराचा फवारा नको, त्याने मीठ आत जातं. पुसून सावलीत वाळवा आणि मग ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवा. जिगं आणि गळ रात्रभर गोड्या पाण्यात बुडवा आणि सकाळी प्रत्येक गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर तो गळ बदला.