क्रूझचे शेवटचे दोन दिवस : या चुका टाळा, नाहीतर सुट्टी बॅगा भरण्यातच संपेल

सात रात्रींच्या क्रूझवर पाचव्या रात्रीपर्यंत सगळं निवांत चाललेलं असतं. सहाव्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं की आता दोनच दिवस उरले, आणि तिथून घरात लग्न निघाल्यासारखी पळापळ सुरू होते. राहिलेली घसरगुंडी, राहिलेला शो, मिकीबरोबर राहून गेलेला फोटो, ओले कपडे, बॅगा, बिल, टिप. आराम करायचे दिवसच सगळ्यात दमवणारे ठरतात.

एप्रिलमधल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही सहा जण न्यू जर्सीहून फ्लोरिडाला गेलो. मी, नवरा, दोन मुलं आणि पुण्याहून आलेले सासू-सासरे. पोर्ट कॅनावेरलहून डिस्नीच्या ‘फँटसी’ जहाजावर शनिवार ते शनिवार. खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या चुका आमच्या स्वतःच्या आहेत, उरलेल्या शेजारपाजारच्या केबिनवाल्यांच्या. त्यांतून मला एकच गोष्ट कळली: कंटाळवाणी कामं शेवटच्या रात्रीसाठी ठेवायची नाहीत. ती सहाव्या दिवशी दुपारी उरकायची.

सहाव्या दिवशी ‘वसूल’ करायला निघणं

या फेरीचा सहावा दिवस अख्खा समुद्रात असतो. जहाज कुठेच थांबत नाही, त्यामुळे साडेतीन-चार हजार माणसं एकाच वेळी डेकवर. ‘अ‍ॅक्वाडक’ ही जहाजाच्या वरच्या डेकवरून फिरणारी पारदर्शक पाण्याची घसरगुंडी २३३ मीटर लांब आहे, पण त्या दिवशी तिची रांग तिच्याहून लांब वाटते. आम्ही उन्हात पाऊण तास उभे राहिलो आणि मुलगा दीड मिनिटात खाली आला. दुसऱ्या दिवशी सगळे बेटावर उतरलेले असताना तो जेवायला म्हणून परत जहाजावर आला, तर रांगेत चार माणसं. त्याने पाच फेऱ्या मारल्या. तेव्हा समुद्रातल्या दिवशी पाण्याच्या खेळांच्या मागे लागू नका, ते बेटाच्या दिवशी भर दुपारी करा.

दुसरं म्हणजे घरातल्या प्रत्येकाला एकेकच गोष्ट निवडायला सांगा. आम्ही बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ‘पैसे भरलेत, चला’ म्हणत तीन कार्यक्रमांना ओढत नेलं. तिन्हीत ते झोपले. त्यांना हवं होतं ते एवढंच की चौथ्या डेकवर सावलीत रेलिंगला टेकून पाण्याकडे बघत उभं राहायचं. ते फुकट होतं, आणि तिथे गर्दीही नव्हती.

ओल्या आणि मळक्या कपड्यांसाठी प्रवाशांना वापरता येतील अशी वॉशिंग मशीन जहाजावर असतात. सहाव्या दिवशी सकाळी सगळ्या आया तिथेच भेटतात. रात्रीचं जेवण दोन गटांत असतं. आपल्या गटाच्या जेवणाची वेळ नसेल तेव्हा, म्हणजे दुसरा गट जेवत असताना जा, मशीन रिकामं मिळतं.

बेटावर पहिल्याच किनाऱ्यावर टॉवेल टाकणं

सातवा दिवस ‘कॅस्टअवे के’चा. बहामाजमधलं हे छोटं बेट, मूळ नाव गोर्डा के. डिस्नीने १९९७ साली ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलं. जवळजवळ हजार एकरांचं बेट आहे, पण वापरात आणलेला भाग ५५ एकरांच्या आसपास. बाकी सगळं झाडझाडोरा. एके काळी इथली धावपट्टी अमली पदार्थांची चोरटी वाहतूक करणारी विमानं वापरायची. आता सकाळच्या पाच किलोमीटर धावण्याच्या वाटेत तीच धावपट्टी लागते, आणि धावून आलात की गळ्यात रबरी मेडल घालतात. बाबा चालत गेले, तरी मेडल मिळालं. ते अजून पुण्याच्या फ्रिजवर आहे.

जहाज थेट धक्क्याला लागतं, छोट्या बोटीत उतरावं लागत नाही, म्हणून ज्येष्ठांना हे बेट सोपं. चूक होते ती पुढे. ट्रामच्या पहिल्या थांब्यावर उतरायचं, समोर दिसेल त्या खुर्चीवर टॉवेल टाकायचा, आणि दुपारी बाराला उन्हात भाजत ‘सावलीची जागा नाही’ म्हणून कुरकुर करायची. तोच किनारा पुढे चालत गेलात तर माणसं निम्मी होतात. फक्त मोठ्यांसाठीचा सेरेनिटी बे आणखी पुढे आहे. मुलं त्यांच्यासाठीच्या खेळाच्या क्लबमध्ये असतील तर तासभर तिथे जाऊन या, आजी-आजोबांना पाठवलंत तर आणखी छान.

दुपारचं जेवण बेटावरच असतं आणि ते भाड्यातच येतं. दुकानात, बारमध्ये केबिनचं दार उघडायचं कार्डच चालतं, खर्च खात्यावर चढतो, पण छोटं पोस्ट ऑफिस उघडं असेल आणि तिथे बहामाजचं तिकीट लावून पत्र टाकायचं असेल तर सुटे डॉलर जवळ ठेवा. मोठ्यांनी फोटो असलेलं ओळखपत्रही न विसरता घ्या. परत जहाजावर चढताना लागतं.

वारा जोराचा असेल तर कप्तान धक्क्याला लागायचं रद्द करतो. हे होतं, आणि त्यावर भांडून उपयोग नसतो. अशा वेळी डोकं शांत ठेवून आधी मुलांचा क्लब आणि संध्याकाळचे कार्यक्रम बघा, कारण बदललेलं वेळापत्रक जहाजाच्या अ‍ॅपवर येतं आणि गर्दी तिकडेच वळते. बेटावरचं काही आधी पैसे भरून ठरवलं असेल तर ते खात्यावर परत आलेत ना, एवढं संध्याकाळी तपासा.

बॅगा : सगळ्यात महागात पडणारी रात्र

शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये बॅगांना लावायचे रंगीत टॅग येतात. त्यावर मिकी, गूफी, डोनाल्ड असं एकेक पात्र असतं. टॅग लावून बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या, त्या रातोरात उचलल्या जातात, आणि सकाळी टर्मिनलमध्ये त्या-त्या पात्राच्या पाटीखाली मांडलेल्या मिळतात. बॅगा बाहेर ठेवायची वेळ रात्री साडेदहाच्या आसपासची असते, नेमकी त्या रात्रीच्या कागदावर बघा.

आता आमची गोष्ट. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पुण्याच्या शिस्तीने रात्री नऊलाच सगळं भरलं. सगळं म्हणजे सगळं. मोठी लाल बॅग बाहेर गेली, दिवे मालवले. सकाळी सहाला बाबा उठले आणि शांतपणे विचारलं, ‘‘माझी पँट कुठे आहे?’’ पाचही पँटा लाल बॅगेत. रक्तदाबाची गोळी पण त्याच बॅगेत. बाबा लेंगा आणि मिकीचा टी-शर्ट घालून नाश्त्याला आले, तसेच अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यासमोर उभे राहिले, आणि सकाळची गोळी पावणेदहाला टर्मिनलच्या फरशीवर बॅग उघडी टाकून घेतली.

म्हणून बॅग बंद करण्याआधी पलंगावर प्रत्येकाचा एक ढीग मांडा: उद्याचे कपडे आतल्या कपड्यांसकट, चपला-बूट, औषधं, चष्मा, चार्जर, दात घासायचं सामान. हा ढीग पाठीवरच्या सॅकमध्ये जातो. इन्सुलिन किंवा मुलांचं औषध छोट्या फ्रिजमध्ये असेल तर सॅकवर कागद चिकटवून ठेवा. पासपोर्ट, ग्रीन कार्ड, एच-१बीवाल्यांची मंजुरीची कागदपत्रं अंगावरच्या पिशवीत. दाराबाहेरच्या बॅगेत कदापि नाही. तिजोरी रिकामी केलीत की तिचं दार उघडंच ठेवून झोपा, म्हणजे सकाळी ‘आत काही राहिलं का’ हा प्रश्नच येत नाही.

दोन केबिन घेतल्या असतील तर अजून एक गोम आहे. आमच्या केबिनला एक पात्र आलं, आई-बाबांच्या केबिनला दुसरं. सकाळी हॉलच्या एका टोकाला आमच्या बॅगा, दुसऱ्या टोकाला त्यांच्या, आणि मधे हजार माणसं. आदल्या संध्याकाळी गेस्ट सर्व्हिसेसला, म्हणजे जहाजावरच्या चौकशीच्या काउंटरला, जाऊन दोन्ही केबिनसाठी एकाच पात्राचे टॅग मागून घ्या. बॅगांचा फोटो काढा. विमानाचे जुने टॅग फाडून टाका. आणि लाल, काळ्या, निळ्या बॅगांच्या समुद्रात आपली ओळखू यावी म्हणून काहीतरी बांधा. आईंनी जुन्या इरकलीचा काठ बांधला होता. त्यामुळे त्यांची बॅग आमच्याआधी सापडली.

बॅग दिसत नसेल तर घाबरून थेट बाहेर पडू नका. आधी शेजारच्या दोन पात्रांच्या रांगा बघा, चुकून तिकडे ठेवलेली असते. मग तिथल्या कर्मचाऱ्याला फोटो दाखवा. कस्टमच्या पलीकडे गेलात की परत आत येणं कटकटीचं.

दोघंच असाल आणि सगळं सामान स्वतः ओढता येत असेल तर बॅगा बाहेर ठेवूच नका, सकाळी सगळ्यात आधी उतरा. लहान मुलं आणि सत्तरीचे आई-वडील बरोबर असताना मात्र लिफ्टसमोर सहा बॅगा घेऊन उभं राहण्यात शहाणपण नाही.

केबिनची दारं लोखंडी असतात, म्हणून लोक त्यावर मॅग्नेट लावतात. जाताना तेच विसरतात.

बिल आणि टिप

बिल शेवटच्या रात्री बघायचं, ही चूक इतकी सर्रास आहे की गेस्ट सर्व्हिसेसची रांग पार जिन्यापर्यंत जाते. खात्याचा तपशील सहाव्या दिवशीच मागून घ्या. आमच्या खात्यावर नऊ स्मूदी होत्या. जेवणाबरोबरची थंड पेयं फुकट, पण बारमधली ताजी स्मूदी नाही, आणि धाकटा रोज कार्ड दाखवून पीत होता. त्याला वाटलं सगळंच फुकट. मुलांच्या कार्डावरून खरेदी बंद करता येते. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

टिप बहुधा आधीच खात्यावर लागलेली असते. ज्यांनी मनापासून सांभाळलं त्यांना वर रोख द्यायचे असतील तर त्यासाठी लिफाफे मिळतात. डिस्नीवर रोज वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जेवण असतं, पण वाढणारे तेच, ते आपल्याबरोबर फिरतात. आमचा वेटर म्हापशाचा निघाला. पहिल्या रात्री आईंनी आमटी-भात मिळेल का विचारलं, आणि दुसऱ्या रात्रीपासून डाळ, भात, भाजी येऊ लागली. मेनूत नसतं, पण आदल्या दिवशी सांगितलं तर शाकाहारी भारतीय जेवण करून देतात. हे आठवड्याच्या शेवटी कळलं म्हणून हळहळणारं नागपूरचं एक कुटुंब आम्हाला भेटलं.

बॅगा भरायच्या नादात शेवटचं जेवण बुडवू नका, लिफाफा तेव्हाच द्या. आईंनी उरलेली भाकरवडीची पुडी त्या म्हापशाच्या मुलाच्या हातात ठेवली. त्याचा चेहरा लिफाफ्यापेक्षा पुडीने जास्त खुलला.

शेवटची रात्र आणि सकाळ

बेटावरून फ्लोरिडाला येताना जहाज गल्फ स्ट्रीम ओलांडतं. हा उबदार प्रवाह उत्तरेकडे वाहतो. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की वारा आणि पाणी समोरासमोर येतात आणि लाटा उभ्या, तुटक होतात. आठवडाभर काही न झालेला माणूस त्या रात्री हिरवा पडू शकतो. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांनी दिलेली गोळी झोपण्याआधी घ्यावी, उलटी आल्यावर नाही. आणि ती गोळी लाल बॅगेत टाकू नये.

सकाळी फळं घेऊन उतरू नका. ‘वाया कशाला घालवायची’ म्हणत आईंनी बुफेतली दोन केळी आणि एक सफरचंद पर्समध्ये टाकलं होतं. अमेरिकेत अशी फळं नेता येत नाहीत. लपवून सापडली तर दंड होतो. रांगेत लक्षात आलं, तेव्हा नवऱ्याने उभ्या उभ्या दोन्ही केळी खाल्ली. सफरचंद कचऱ्याच्या डब्यात गेलं, आणि आई ऑर्लँडोपर्यंत त्याबद्दल बोलत होत्या.

विमान दुपारी बाराच्या आधीचं घेऊ नका. जहाज पहाटे धक्क्याला लागतं खरं, पण नाश्ता, उतरणं, बॅगा, पासपोर्ट आणि मग ऑर्लँडोचा विमानतळ साधारण सत्तर किलोमीटर. आमच्या शेजारच्यांचं साडेदहाचं होतं. ते नाश्ता न करता, मुलांना झोपेतच उचलून पळाले.

घरी पोचल्यावरही जहाज अंगातून लगेच उतरत नाही. रविवारी सकाळी आई गॅसपाशी चहाला उभ्या होत्या आणि ओट्याला धरून म्हणाल्या, ‘‘अगं, घर हलतंय.’’ हे बहुतेकांना होतं, एक-दोन दिवसांत जातं. महिनाभर टिकलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा. सोमवारची रजा टाकून ठेवा. मी टाकली नव्हती, आणि नऊच्या कॉलवर समोरचे अकरा चेहरे एका लयीत डुलत होते.